शून्यवाले काढून टाका

रविराजला पायथन येतं, असं आमच्या प्रतिष्ठानच्या अध्यक्ष मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. येतं म्हणजे काय, तर इंटरनेटवरून प्रोग्रॅमच्या दहा ओळी उचलायच्या, फाईलचं नाव बदलायचं आणि एंटर दाबायचं. एवढ्यावर एखाद्याला काही येतं असं म्हणायचं असेल तर मला विमान येतं. मी दोनदा बसले आहे.

मी सुमैरा. नगरमध्ये मुलींच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि शाळा सुटल्यावर प्रतिष्ठानचं डेटाचं काम करायचे. करायचे म्हणते, कारण आता करत नाही. का करत नाही तेच सांगायला बसले आहे, आणि गोड बोलून सांगणं मला जमणार नाही.

पाथर्डी तालुक्यात हिवरखांड नावाचं गाव आहे. दसरा उलटला की तिथे ट्रक लागतात आणि अर्धं गाव कोयते, भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरं घेऊन ऊसतोडीला निघून जातं. कुणी प्रवरेच्या पट्ट्यात, कुणी पार कोल्हापूरकडे. उन्हाळ्यात परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि पोरं मागे राहिलेली असतात. प्रतिष्ठानने ठरवलं की गावात हंगामी वसतिगृह काढायचं. आईबाप उसात, पोरं गावात, शाळा चालू. कल्पना चांगली होती. चांगल्या कल्पनेची माती करायला तज्ज्ञ लागतो, म्हणून पुण्याहून रविराजला आणलं.

वसतिगृह सांभाळायला गावातलंच एक माणूस पगारावर नेमायचं होतं. गावात जाऊन चार बायांना विचारलं असतं तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत नाव मिळालं असतं. पण मग रविराजची फी कशासाठी? त्याने सर्वेक्षण काढलं. प्रश्न एकच : अडचण आली तर तुम्ही गावात कुणाकडे जाता? पाच नावांपर्यंत सांगायची मुभा. सांगणाऱ्यापासून ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे एक बाण काढायचा. सगळ्या गावाचे बाण काढले की झाला डायरेक्टेड ग्राफ.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. बाणाला दिशा असते, एवढंच त्यात समजून घ्यायचं असतं. समजा, गावातली रंगुबाई सरपंचाकडे जाते, म्हणून सरपंच रंगुबाईकडे जातो असं होत नाही. माझ्या आठवीतल्या मुलींना हे एका तासात कळतं.

सर्वेक्षण त्याने जानेवारीत ठेवलं.

"सर, जानेवारीत गावात कुणी नसतं," मी म्हणाले. "सगळे उसात असतात. एप्रिल-मेमध्ये करू या."

"मार्चएंडला ग्रँट खर्च झालेली दिसली पाहिजे," तो लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "आणि सॅम्पल म्हणून पुरेसे लोक असतात तिथे."

असतात ना. म्हातारी माणसं असतात, आणि ज्यांच्यावर ऊस तोडायची वेळ येत नाही ते असतात. ज्यांच्या पोरांसाठी वसतिगृह काढायचं तेवढेच काय ते नसतात. मी हे बोलून दाखवलं. "नोटेड," म्हणाला. रविराजचं 'नोटेड' म्हणजे कचऱ्याची टोपली.

फेब्रुवारीत निकाल आला. गावातलं सगळ्यात भक्कम जोडलेलं माणूस निघालं सूर्यभान.

सूर्यभान म्हणजे सरपंचाचा मेव्हणा. गावात त्याचं काम काय, तर असणं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तो सकाळी असतो, दुपारी असतो, आणि कुणी बाहेरचं आलं की खुर्च्या मांडायला सगळ्यात पुढे असतो. सर्वेक्षणाची मुलं आली तेव्हा त्यांना त्यानेच चहा पाजला, त्यानेच घरं दाखवली, आणि स्वतःची पाच नावं खणखणीत सांगितली. सरपंच, उपसरपंच, सोसायटीचा चेअरमन, पोलीस पाटील, रेशनवाला. या पाचांनीही पाच-पाच नावं सांगितली. कुणाची, हे वेगळं सांगायला नको. एकमेकांची, आणि वर सूर्यभानचं.

मला शंका आली म्हणून मी रविराजच्या दहा ओळी उघडल्या. त्याला हवं होतं ते एवढंच : एखादं माणूस ज्यांच्याशी जोडलेलं आहे, ते शेजारी स्वतः किती जोडलेले आहेत, त्याची सरासरी. पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. पण डायरेक्टेड ग्राफ असला की त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. शेजारी कोणते धरायचे, बाहेर जाणाऱ्या बाणाचे की आत येणाऱ्या? आणि त्या शेजाऱ्यांचे कोणते बाण मोजायचे, जाणारे की येणारे? तुम्ही काहीच सांगितलं नाही तर फंक्शन दोन्हीकडे 'बाहेर' धरून चालतं. रविराजने काहीच सांगितलं नव्हतं. त्याला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणजे त्याने मोजलं काय? तुम्ही ज्यांची नावं घेतली त्यांनी पुढे किती जणांची नावं घेतली. ज्याच्या ओळखीतली माणसं जास्त बडबडी तो गावाचा आधार! सूर्यभानला पाचपैकी पाच मिळाले यात नवल ते काय.

त्याहून मोठी मजा पुढच्या ओळीत होती. ज्याच्याकडून एकही बाण बाहेर जात नाही त्याला हे फंक्शन शून्य देतं. अशी शून्यं ढिगाने आली होती. रविराजने ती कशाची आहेत हे बघितलंसुद्धा नाही. ओळीवर शेरा मारला होता, 'साफसफाई : शून्यवाले काढून टाका', आणि खाली ते काढून टाकले होते.

ही शून्यं म्हणजे उसात गेलेली माणसं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, तर त्यांच्याकडून बाण निघणार कुठून? अर्धं गाव साफसफाईत गेलं होतं.

मी शून्यं परत आणली आणि साधं एवढंच मोजलं की कुणाकडे किती बाण येतात. सरपंच मागे पडला, चेअरमन मागे पडला, सूर्यभान तर दिसेचना. सगळ्यांच्या वर रोहिणी नावाची बाई होती. गावात उरलेल्या जवळजवळ प्रत्येक म्हातारीचा बाण तिच्याकडे होता, आणि तिच्याकडून बाहेर एकही नाही.

मी मेल लिहिली. उत्तर आलं, 'इंटरेस्टिंग. लेट्स डिस्कस.' तो डिस्कस कधीच झाला नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी एसटीने पाथर्डी आणि तिथून जीपने हिवरखांडला गेले.

सर्वेक्षणात ज्यांची नावं होती त्यातल्या रंगुबाई मला पहिल्याच गल्लीत भेटल्या. दारात बसून तूर पाखडत होत्या. मी रोहिणीचं विचारलं.

"तिचं काय? लई तोंडाळ बाई हाय ती," रंगुबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही अडचणीला तिचंच नाव का सांगितलंत?"

"ती वरडती, पर येती." सूप बाजूला ठेवून त्यांनी मला नीट समजावलं. "माज्या डोळ्याचं आप्रेशन हुतं. सरपंच म्हनला, बगू. चेरमन म्हनला, बगू. हिनं मला पाथर्डीला नेलं, डाक्टरवर वरडली, माज्यावर बी वरडली, आन् डोळा करून आनला. उसात असली तरी फोनवरून वरडती. कुनाची एसटी थांबत न्हाई, कुनाचं रेशन मिळत न्हाई, सगळं तिला."

रोहिणीचं घर वस्तीच्या टोकाला होतं. ती नुकतीच हंगामावरून आलेली होती, हातांना उसाच्या पात्यांचे चरे होते. नवरा कल्याण एका बाजूला बसून खाटेचा सुंभ आवळत होता. त्या घरात दुसऱ्याला बोलायला जागा नव्हती. मी प्रतिष्ठानचं नाव काढलं आणि तिने सुरुवात केली.

"आमी ऊस तोडायला गेल्यावर आमाला हुडकाया येता व्हय? कुलपाला इचारून गेला का? आन् म्हनं आमच्या पोरांचं वसतिगृह!"

मी म्हणाले, हेच मी त्यांना सांगितलं होतं.

"सांगितलं हुतं तर मग झालं का न्हाई?"

मग तिचा आवाज जरा उतरला. तिची मुलगी ज्योती तेव्हा आठवी पास झाली होती. आतापर्यंत वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात काढून पोरीने कशीबशी आठवी गाठली होती.

"नववीत हे चालायचं न्हाई, म्याडम. आता गेली की गेली. फडावर पोरगी मोटी दिसाया लागली की मागनं लगीनच येतं. मला ते काम द्या. मी हितं राहते, ज्योतीला शिकवते, गावची पोरं सांभाळते. कल्याण त्याच्या भावाबरुबर जोडीनं कोयता लावील."

तिला काम हवं होतं आणि ते तिने तोंडावर मागितलं. मला ती बाई आवडली. निघताना मी आपली सहज विचारून गेले, "गाव तुमच्याकडे येतं. तुम्हाला अडचण आली तर तुम्ही कुणाकडे जाता?"

ती हसली. "कुनाकडं जाऊ? माजं मलाच बगावं लागतं."

मी तिला माझा नंबर दिला आणि परत आले.

सप्टेंबरमध्ये हिवरखांडच्या समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला. पडदा, प्रोजेक्टर, हारतुरे. सूर्यभान पांढरे कडक कपडे घालून पहिल्या रांगेत. त्याच्या नावाचा बोर्ड रंगवून भिंतीला टेकवून ठेवलेला होता, म्हणजे निकाल आधी आणि सभा नंतर. रविराजने पडद्यावर गावाचं चित्र दाखवलं. रंगीत ठिपके, रेषांचं जाळं, मधोमध सूर्यभान. लोक बघत होते. त्यात बाण नव्हतेच. छान दिसत नाहीत म्हणून त्याने बाणांची टोकं काढून टाकली होती! डायरेक्टेड ग्राफची टोकं काढणारा तज्ज्ञ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी उठले. अध्यक्ष मॅडमनी हातानेच बस म्हणून खुणावलं. मी बसले नाही. सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं की यात दिशा उलटी धरली आहे. कुणाकडे लोक जातात ते मोजायचं सोडून कोण जास्त नावं घेतो ते मोजलं आहे.

रविराज हसला. "ओके. सुमैरा मॅडमच्या समाधानासाठी दिशा बदलू." त्याने तिथेच दोन्हीकडे 'आत' घातलं आणि एंटर दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग यादी आली. पहिला, सूर्यभान.

टाळ्या पडल्या. माझं तोंड एवढंसं झालं असेल, कारण रविराजने माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. पण आकडा चुकला नव्हता. सूर्यभानकडे बाण होते ते सरपंच, चेअरमन, पाटील यांचे, आणि त्या प्रत्येकाकडे आणखी चार जणांचे बाण होते. त्याचे शेजारी वजनदार. रोहिणीकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे मात्र क्वचितच कुणाचा बाण होता. सरासरी काढली की तिच्या नावापुढे शून्याच्या जवळपास काहीतरी उरत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ह्यात मी कुठं हाय?"

रोहिणी उभी होती. रविराजने पडद्यावर पुन्हा चित्र आणून वर-खाली केलं. चित्र जुनंच होतं, शून्यवाले काढलेलं, त्यामुळे ती त्यात नव्हतीच. "ताई, तुम्ही सर्वेक्षणाच्या वेळी गावात नव्हता," तो म्हणाला.

"आमची पोरं बी त्या येळंला गावात नसत्यात. मग वसतिगृहात कुनाला ठिवता?"

हशा पिकला. रविराजचे कान लाल झाले. मी ती संधी सोडणार नव्हते. "रोहिणीताईंकडे सगळ्यात जास्त बाण येतात, ते पण वाचून दाखवा," मी म्हणाले.

"येतात," तो म्हणाला, "पण क्वालिटी बघावी लागते. त्यांच्याकडे येणारे सगळे लो-डिग्री नेबर्स आहेत."

पुढच्या सतरंजीवर रंगुबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पदराला ओढलं. "काय म्हनला गं त्यो?"

मी मोठ्याने सांगितलं, "तो म्हणतो, रोहिणीकडे जी माणसं जातात त्यांना गावात कुणी विचारत नाही."

"मग खरंच हाय की," रंगुबाई म्हणाल्या. "म्हनून तर तिच्याकडं जातो."

माझ्या हातात एवढं उघड वाक्य आलं होतं. मी अध्यक्ष मॅडमना म्हणाले, पोरं या म्हाताऱ्यांची नातवंडं आहेत, सरपंचाची नाहीत. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना विचारणारी बाईच इथे हवी, आणि हा आकडा तेच सांगतो आहे, फक्त वाचता आला पाहिजे. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या बोर्डाकडे पाहिलं, आलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "सुमैरा, तुझा मुद्दा व्हॅलिड आहे. पुढच्या वर्षी रिव्ह्यू करू."

पुढच्या वर्षी ज्योती कुठे असेल ते त्यांना कुणी विचारायचं? सूर्यभानच्या गळ्यात हार पडला. रोहिणी तो बघायला थांबली नाही.

दसरा उलटला. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत नव्या कोऱ्या खाटा लागल्या, गाद्या आल्या, भिंतीवर फुलपाखरं काढली. सूर्यभान दारात खुर्ची टाकून बसला. गावातल्या बाया ट्रकमध्ये सामान चढवायच्या आधी एकेक करून रोहिणीकडे जाऊन आल्या. पोराला ठेवू का नको? सूर्यभानच्या भरवशावर? पोरगी तापाने फणफणली तर हा माणूस ओट्यावरून उठेल का? रोहिणीने सगळ्यांना एकच सांगितलं, माझी ज्योती मी त्याच्याकडे ठेवणार नाही. बस्स, एवढंच. वसतिगृहात एकही पोर राहिलं नाही. जे रविराजच्या जाळ्यात सापडलं नव्हतं ते दोन दिवसांत सगळ्या गावाला दिसलं.

हे मला रोहिणीनेच सांगितलं, आणि सांगितलं ते माझ्या दारात उभं राहून.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ होती. मी मुकुंदनगरात दोन खोल्यांत अम्मीबरोबर राहते. फोन वाजला. "भिंगारपाशी ट्रक थांबलाय. तुमचं घर कुठं हाय?" पत्ता सांगून होतो न होतो तोच दाराशी रिक्षा उभी. रोहिणी उतरली, तिच्या मागून पाठीला दप्तर लावलेली ज्योती, हातात पिशवी.

रोहिणीने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "ट्रक कोल्हारला चाललाय. डायवर दहा मिन्टं थांबतो म्हनला," ती म्हणाली. "तुमी इचारलं हुतं ना, तू कुनाकडं जातीस. तवा कुनी न्हवतं. आता तुमच्याकडं आली हाय. हिला ठिवून घ्या. चैतापस्तोर."

खरं सांगायचं तर मी दारातून बाजूला झाले नाही. मी भर सभेत रविराजची उलटी दिशा दाखवून देणारी बाई. पण माझ्या दिशेने खरोखर कुणी चालत आल्यावर माझ्या तोंडून काय निघालं? दोन खोल्या आहेत. वर्षाच्या मध्येच शाळेत घेत नाहीत. आणि शेवटी तेही निघालं, "रोहिणीताई, तुमच्या गावात लोक बोलतील. मुसलमानाच्या घरी मुलगी ठेवली म्हणून."

"बोलू द्या. बोलून झालं की माज्याकडंच येत्यात."

आतून अम्मी आली. जरीना तिचं नाव, पण गल्लीत सगळ्यांची ती अम्मीच. तिने ज्योतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरीला उंबऱ्यात काय उभं केलंस? खाल्लंय का तिने काही?" आणि ज्योतीच्या हातातली पिशवी घेऊन ती आत गेलीसुद्धा. मला वाटतं रविराजला सरासरी शिकवण्यापेक्षा अम्मीला एसटीचं भाडं देऊन पाथर्डीला पाठवायला हवं होतं.

रोहिणी रिक्षात बसली. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "तिला सकाळी उठायचा कटाळा हाय, लाड करू नका. गनितात ढ हाय. आन् ज्योते, रडू नगं, मी काय मेली न्हाई!" रिक्षा वळेपर्यंत ती ओरडतच होती. ज्योती रडली नाही. मीच आत जाऊन तोंड धुऊन आले.

दुपारी रविराजची मेल आली. प्रतिष्ठानने तालुक्यात आणखी काही गावांत वसतिगृहं काढली होती आणि हजेरीचा अहवाल मॅडमना पाठवायचा होता. हिवरखांडमुळे आकडा खाली येतो, असं त्याचं म्हणणं. एकच ओळ होती : 'शून्यवाले काढून टाक आणि सरासरी पाठव.'

मी हिवरखांडची फाईल उघडली, रोहिणीकडून माझ्याकडे एक बाण घातला, आणि रविराजच्याच मूळच्या दहा ओळी चालवल्या, बघू तरी म्हणून. आता तिचा एक बाण बाहेर जात होता. आता तिच्या नावापुढे काहीतरी यायला हवं होतं.

शून्य आलं.

चूक नव्हती. तिची एकच शेजारीण, मी, आणि माझ्याकडून बाहेर बाण नव्हता. मी कुणाकडे जाते ते मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. पुढच्या ओळीला साफसफाई झाली आणि आम्ही दोघीही गेलो. पलीकडच्या खोलीत अम्मी ज्योतीला खिमा खातेस का म्हणून विचारत होती, आणि ती नको म्हणाल्यावर तिच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी टाकत होती. मी रविराजला उत्तर लिहिलं, 'शून्यवाले काढताना माझंही नाव काढा,' आणि लॅपटॉप मिटला. त्याचं उलट उत्तर आलं, 'नोटेड.'

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी ज्योतीला घेऊन आमच्या मुख्याध्यापिका बाईंसमोर उभी राहिले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. प्रवेश कधीच बंद झालेत. सहामाही होऊन गेली. जुन्या शाळेचा दाखला कुठे आहे? ऊसतोडीच्या मुलांचं एकदा घेतलं की दर वर्षी रांग लागते. आणि शेवटी, ज्योतीकडे न बघता, "बघू या नंतर."

हे 'बघू' मी ओळखत होते. रंगुबाईंच्या डोळ्याला सरपंचाने सांगितलेलं हेच. वीस वर्षांत मी या खोलीत कधी आवाज चढवला नव्हता. एरवी मी मेल लिहिली असती, व्हॅलिड मुद्दा मांडला असता, आणि बाहेर येऊन स्टाफरूममध्ये सगळ्यांना नावं ठेवली असती. मी ज्योतीला खुर्चीवर बसवलं, माझी पर्स बाईंच्या टेबलावर आपटली, आणि ओरडायला सुरुवात केली. शिपाई दारात आला. शेजारच्या वर्गातला धडा थांबला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण थांबले तेव्हा बाई नववी ब च्या वर्गशिक्षिकेला फोन लावत होत्या.

आम्ही व्हरांड्यात आलो. ज्योतीने माझी पर्स आठवणीने उचलून आणली होती. ती माझ्या हातात देत म्हणाली, "आई बी अशीच वरडती."